खालच्या ओळी कोणाच्या

“खालच्या ओळी कोणाच्या?” साहेबांनी विचारलं, आणि मी शेवंताबाईकडे पाहिलं. तोंडानं काही बोलले नाही, नुसतं पाहिलं. मग मुकादमानं तिच्याकडे पाहिलं आणि शेवटी साहेबांनीही. टेकडीच्या खालच्या अंगाला मोहाची रोपं वाळून काड्या झाली होती, बोटानं मोडली की कट् वाजायची. वरच्या अंगाला नुसता मुरूम, पण तिथली रोपं जिवंत होती. शेवंताबाई म्हणाली, “माही वरची हायेत, साहेब.” साहेब हसले. “वरची जिवंत आहेत, बाई.” म्हणजे जिवंत आहेत ती हिची कशी असतील! तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत राहिले. साल बहात्तरचं होतं, पोळ्याचा आदला दिवस. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर यायला मनाई झाली.

त्याला आता पंधरा वर्षं झाली, आणि शेवंताबाई वारली त्याला महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात. तिच्याबद्दल चांगलं लिहायला मला जड नाही, पण ते लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे. तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

कन्हानच्या अलीकडे, नदीला लागून वनखात्याची रोपवाटिका होती. तिथं आम्ही आठ-दहा बाया रोजावर होतो. पिशव्यांत माती भरायची, बिया टोचायच्या, वर्षभर रोपं सांभाळायची आणि पावसाळ्यात टेकड्यांवर नेऊन लावायची. प्रत्येकीचे वाफे ठरलेले. शेवंताबाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, आणि रोपांतलं तिला जेवढं कळे तेवढं मुकादमालाही कळत नसे. तो कामाला येण्याआधीपासून ती तिथं होती. कडुलिंबाखाली दोन माठ असायचे. एक आम्हा सगळ्यांचा, एक तिचा. तिच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. धर्म तिनं बदलला, आम्ही माठ काही बदलले नाहीत. ती रोज सकाळी आपला माठ आपण भरायची आणि त्याबद्दल कधी काही बोलायची नाही. आम्हीही बोलायचो नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं तेव्हा मला वाटतच नव्हतं, हेही लिहून टाकते.

तिची एक रीत होती. उन्हाळा लागला की ती रोपांचं पाणी तोडायची. आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग पाच दिवसांनी. झारीच्या तोंडाची अर्धी भोकं तिनं डांबरानं बुजवली होती, म्हणजे पाणी सावकाश पडावं आणि खोल जिरावं. दुपारी तिच्या वाफ्यातली रोपं माना टाकून उभी असायची, पाहवत नसे. मी एकदा म्हटलं, “शेवंताबाई, मारून राहिली काय वं लेकरायले?”

“दुपारची मान पडली तं पाहाचं नाही,” ती म्हणाली. “ऊन उतरलं की उचलते थे. सकाळी पडलेली दिसली, तवाच पाणी द्याचं. सकाळची मान खोटं बोलत नाही.”

“आन् तोवर तहानेनं मेलं तं?”

“तुह्या सासूनं तुले पहिल्या वर्षी किती पोटभर वाढलं होतं? मेली काय तू?” सगळ्या बाया हसल्या. मग तिनं एक पिशवी फाडून मला मूळ दाखवलं. वर रोप वीतभर आणि खाली मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसलेलं, बाहेर निघायची वाट शोधत. “पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही,” ती म्हणाली. “नक्षत्रं तीच हायेत, पण पाऊस येते, आन् मधातच महिनाभर पळून जाते. टेकडीवर याले कोण झारी घेऊन येणार हाय? आत्ता तहान सोसली तं मूळ खाली जाते. रोज वरच्यावर पाणी भेटलं तं थे काहून जाईन खाली?”

मला ते पटलं होतं. न कळून चूक झाली असं मी म्हणू शकत नाही. त्या वैशाखात साहेब पाहणीला येणार असं कळलं, आणि शेवंताबाई भाकर खाऊन लवंडली की मी हौदावरून पाणी आणून माझ्या वाफ्यांना घालू लागले. रोज, थोडं थोडं. रोपांची दया आली असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं इतकंच, की माझे वाफे तिच्यापेक्षा हिरवे दिसावेत असं मला वाटत होतं. आणि दिसले. तळहाताएवढी पानं आली. साहेबांनी माझ्या वाफ्यापाशी उभं राहून “वा” म्हटलं, आणि तिला म्हणाले, “काय हो, रोपं तहानेनं मारता काय?” तिनं मूळ दाखवायला पिशवी उचलली, तोवर ते पुढं गेले होते. नंतर ती माझ्या वाफ्याजवळ आली, मातीत बोट खुपसलं, ओलं बोट पाहिलं आणि पदराला पुसलं. म्हणाली, “अनसूया, लय हिरवी केली वं तू.”

आषाढात रोपं रामटेकच्या वाटेवरच्या टेकडीवर लावली. माझी हिरवी, म्हणून त्यांना खालची चांगली माती मिळाली. तिची काटकुळी वरच्या मुरमात गेली. मग पाऊस गेला तो गेलाच. ऊन असं पडलं की श्रावण आहे की चैत्र कळेना. माझ्या रोपांची ती मोठी पानं आधी करपली, मग खोडं वाळली. मी एक उपटून पाहिलं. मुळांची गुंडाळी पिशवीच्या आकाराचीच राहिली होती, मातीत एक बोटभरही उतरली नव्हती. तिच्या रोपांनीही पानं गाळली होती, पण नखानं साल खरवडली की आत हिरवं दिसायचं.

आणि मग साहेबांनी तो प्रश्न विचारला. त्या वर्षी गावात काम नव्हतं, माझा नवरा छातीच्या दुखण्यानं घरी होता, दोघींपैकी एकीचं काम जाणार हे उघड होतं. हे सगळं खरं आहे. पण तिच्या घरीही खाणारी तोंडं होतीच. मी तिच्याकडे पाहिलं, कारण तिच्याकडे पाहिलं तर सगळे मानतील हे मला ठाऊक होतं. पाणी तोडणारी ती म्हणून मानतील, आणि ज्या माठाला आम्ही हात लावत नव्हतो त्या माठाची ती म्हणूनही मानतील. हा हिशेब मी पापणी लवायच्या आत केला. शाळेत मला एवढं झटपट गणित कधी आलं नाही. एकही बाई बोलली नाही... ओळी कोणाच्या हे सगळ्यांना माहीत होतं. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. मी पुढं अकरा वर्षं रोपवाटिकेत होते, आणि रोपं तिच्या रीतीनं वाढवत होते. माझा हात चांगला आहे असं नवे साहेब म्हणत.

दोन वर्षांपूर्वी एकदा मी मनाचा हिय्या करून कन्हानला तिच्या घरी गेले. तिनं पाण्याचा पेला पुढं ठेवला. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “तहान नाही.” ती हसली. “असू दे. आता दुपार हाय. सकाळी पाहू मान पडली काय.” मी पाणी प्यायले. सगळं प्यायले, आणि एक पेला पाणी प्यायले म्हणजे फार मोठं काही केलं असं मला वाटलं. तिनं मुलाचं विचारलं, सुनेचं विचारलं. जे सांगायला गेले होते ते सांगितलं नाही. निघताना ती दारापर्यंत आली, थोडी थांबली... मी चप्पल शोधत राहिले.

गेल्या पंधरवड्यात तिची मुलगी प्रमिला धरमपेठेत माझ्या मुलाच्या घरी आली. ती शाळेत शिकवते. आई गेल्याचं तिनंच सांगितलं. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही सोबत होत्या. आईनं रोपवाटिका काहून सोडली? आम्ही विचारलं की म्हणे, रोपं मोठी झाली, आता तिथं काय काम?” मी म्हटलं, “पाठ दुखायची तिची.” शेवंताबाईची पाठ कधी दुखली नाही. दोन पोती माती ती एका दमात उचलायची.

प्रमिला पेपरची ही पुरवणी वाचते, म्हणून इथं लिहिते आहे. तोंडावर सांगायची हिंमत मला तिच्या आईसमोर झाली नाही, तिच्यासमोरही झाली नाही. प्रमिला, तुझ्या आईची झारी माझ्याकडे आहे. मी काम सोडलं तेव्हा कोणाला न विचारता ती घरी आणली. डांबर अजून तसंच आहे. तुळशीला पाणी घालते तेव्हा अर्ध्याच भोकांतून पाणी पडतं, आणि आधी मी पानं पाहते, सकाळची. ती झारी तुझी आहे, येऊन घेऊन जा. मला काही बोलायचं असलं तर तेही बोल.

रामटेकच्या बसमधून ती टेकडी दिसते, म्हणून मी त्या बाजूच्या खिडकीत बसत नसे. या आठवड्यात मुद्दाम उतरले आणि चढून गेले. वरच्या मुरमात मोह उभे आहेत, माझ्या दुप्पट उंच, काहींना यंदा पहिली फुलं आली होती. खाली गवत आहे. खालच्या ओळी माझ्या होत्या. वरच्या शेवंताबाईच्या. वरच्या जगल्या.