एक बिंदगी आंबील आणि गतीचा पहिला नियम

गतीच्या पहिल्या नियमामुळे माझा सख्खा थोरला भाऊ माझ्याशी बोलत नाही.

नियम सोपा आहे. बाहेरून बल लागत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चाललेली वस्तू त्याच वेगानं, सरळ रेषेत चालत राहते. नववीच्या पोरांना हे मी झोपेतसुद्धा शिकवू शकतो. (बायकोच्या मते मी झोपेतच शिकवतो.)

तर येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. हुलसूरकडं या अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवतं. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची, पूजा करायची, भज्जी-उंडे हाणायचे आणि वर मडकंभर आंबील रिचवायची. आंबिलीचं हे मडकं म्हणजे बिंदगी. ती काठोकाठ भरायची आणि घरातल्या थोरल्यानं डोक्यावर घेऊन, अनवाणी, शेतात न्यायची, ही आमच्या घरची रीत.

वाटण्या झाल्यापासून अण्णा आणि मी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन बाजूंना दोन कोपी घालत होतो. (विहीर माझ्या बाजूला आली होती, हे आत्ताच सांगून ठेवतो.) त्या वर्षी अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोघांना समोर बसवलं.

"औंदा एकच कोप. धाकट्याच्या घरची आंबील, थोरल्याच्या डोक्यावर. एका ताटात जेवा. मी गेल्यावर काय गोंधळ घालायचा तो घाला!"

आणि अण्णा चक्क 'व्हय' म्हणाला! तसाच गप्प राहिलो असतो तर आज ही गोष्ट सांगायला उरली नसती. पण त्याचा गुडघा धरलेला. मला माया दाटून आली.

"अण्णा, चालत कामून जायलास? माझी गाडी हाय की!"

"आन् बिंदगी?"

"मांडीवर घे."

"सांडंल की रं."

"अण्णा," मी खडू हातात असल्यासारखं बोट उचललं, "एकाच वेगानं चालणाऱ्या गाडीत थेंब सांडत न्हाई. वेग बदलला की सांडतं. मी वेग बदलणारच न्हाई!"

सुनंदा, म्हणजे आमची बायको, बिंदगीच्या तोंडाला फडकं बांधायला आली. मी तिला हटकलं. "विज्ञानावर विश्वास ठेव."

"विज्ञानावर हाय वं," ती म्हणाली, "तुमच्यावर न्हाई."

निघालो. पुढं अण्णा, पांढरंशुभ्र धोतर, कपाळभर विभूती, मांडीवर बिंदगी. मागं अप्पा. सुनंदा जेवणाची पाटी घेऊन मागून चालत येणार होती. (शहाणी!) गाडी मी अशी उचलली की आंबिलीवर सुरकुतीसुद्धा पडली नाही.

"बघ," मी म्हणालो.

"बघायलोय," अण्णा म्हणाला. बिंदगी त्यानं तान्ह्या लेकरासारखी कवटाळली होती. मग हळूच म्हणाला, "शिवा, लहानपनी ह्याच वाटंनं बिंदगीत बोट घालून चाटायचास तू." वाटण्यांनंतर 'शिवा' ही हाक पहिल्यांदाच! मी वळून त्याच्याकडं बघितलं. आणि नेमकी समोर म्हैस आली.

म्हैस रस्त्याच्या मधोमध, पूर्णपणे स्थिर अवस्थेत. मी हॉर्न दिला. म्हैस नियम पाळत राहिली.

"ब्रेक मार!" अण्णा.

"वेग बदलायचा न्हाई म्हणलोय ना!"

"मार की रं भाड्या!"

मी ब्रेक नाही मारला. शब्द दिला होता ना! मी स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं. सरळ रेषेचं कलम मी साफ विसरलो होतो. आंबील विसरली नव्हती. गाडी उजवीकडं वळली, आंबील सरळ निघाली आणि वाटेत अण्णाचं धोतर आलं. ते बघून मी घाबरलो आणि आता मात्र कचकन ब्रेक मारला. उरलेली आंबील समोरच्या काचेवर! मला काही दिसेना, म्हणून मी वायपर लावला. वायपर बाहेरून कोरडी काच पुसत राहिला.

म्हैस गेली. अण्णाच्या कपाळावरची विभूती आंबिलीबरोबर मिशीत उतरली होती. मागून खुसखुस ऐकू आली. अप्पा हसत होते! ते बघून अण्णाची मिशीही थरथरली. देवाशपथ सांगतो, तो हसणारच होता. एक क्षण मी तोंड बंद ठेवायचं होतं.

"चूक माझी न्हाई अण्णा," मी म्हणालो. "आंबिलीचं जडत्व हाय ते."

मिशी थांबली.

"वाटणीच्या टायमालाबी असंच म्हणलास," अण्णा शांतपणे म्हणाला. "चूक माझी न्हाई, मोजणीवाल्याची. हीर कुनाच्या बाजूला गेली मग? मोजणीवाल्याच्या?"

रिकामी बिंदगी माझ्या मांडीवर ठेवून तो उतरला आणि लंगडत धुऱ्यापलीकडं गेला. तिथं वहिनींनी आधीच दुसरी कोप घालून, दुसरी बिंदगी भरून ठेवली होती. 'मास्तर गाडी आणायलाय' हे कळल्यावर त्यांनी वेळ घालवला नव्हता. अप्पा एक घास इकडं, एक घास तिकडं खात दिवसभर धुरा ओलांडत राहिले.

आता अप्पा नाहीत. आम्हा दोघांना बाहेरून लागणारं तेवढंच एक बल होतं. गाडी मात्र उन्हात ठेवली की अजून आंबट वास मारते.

गेल्या येळवशीला मी बिंदगी स्वतःच्या डोक्यावर घेतली. अनवाणी, काठोकाठ भरलेली. माझ्या कोपीकडं न वळता थेट धुऱ्यापर्यंत गेलो. पलीकडं अण्णा कोपीच्या दारात उभा होता. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. एक पाऊल त्यानं टाकायचं, नाहीतर मी. आम्ही दोघंही त्या म्हशीसारखे उभे.

शेवटी मान अवघडली आणि मी मागं फिरलो.

पण विज्ञानाच्या मास्तराला एवढं तरी श्रेय द्या: येता-जाता आंबिलीचा एक थेंब सांडला नाही!