आईची तोंडी परीक्षा

आई कधी शाळेत गेली नव्हती, आणि डॉक्टरांनी तिच्या हातात पेन्सिल दिली तिथेच माझं डोकं फिरलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही वाकोल्याला राहायचो. गिरणीतली नोकरी सुटल्यावर वडिलांनी फार दिवस काढले नाहीत. मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. आई बाजारातून येताना दुसऱ्याच चाळीत शिरू लागली, झालेला स्वयंपाक पुन्हा करायला बसू लागली. भाऊ म्हणायचा, वय झालं. शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं काहीतरी आहे, गावी नेऊन देवाला कौल लाव. मी कुणाचंच ऐकलं नाही. रजा टाकली आणि तिला मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

हे अचानक झालं की हळूहळू वाढत गेलं, ते त्यांनी आधी मला विचारलं. मग आईकडे वळून वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला सांगितले आणि घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आईने पेन्सिल टेबलावर ठेवली.

“माका लिवूक येणा नाय,” ती म्हणाली. “माझ्या हातात ह्या कित्याक देतास?”

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, हिने जन्मात पेन्सिल धरलेली नाही, वजाबाकी हिला कुणी शिकवली नाही, त्यावरून तुम्ही काही ठरवणार असाल तर मी ते मानणार नाही. “तिला येतं ते विचारा. बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते विचारा.”

ते चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बरोबर आहे तुमचं. फक्त मला ते येत नाही. चुकलं तर मला सांगा, आजींना नको.”

आई खुलली, सांगू लागली. बांगडे साफ केले, धुतले, मीठ लावलं, मिरच्या भिजत घातल्या. मग पुन्हा बांगडे धुतले, मीठ लावलं. मिरच्यांपाशी आली की ती परत धुण्याकडे वळायची. वाटणाचा शब्द माझ्या ओठांवर आला, तसा डॉक्टरांनी हात वर केला. शेवटी तिखलं झालं असं सांगून ती समाधानाने हसली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“चुकलं,” मी म्हटलं. भांडून मिळवलेली परीक्षा होती. खोटं कसं बोलणार?

पुढे रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं, मेंदूचा स्कॅन झाला. गाठ नाही, रक्तस्राव नाही. भाऊ म्हणाला, बघ, काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी त्याला समजावलं की या तपासण्या दुसरा आजार नाही एवढंच सांगतात. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा तिखलं विचारलं, तेव्हा आई बांगडे साफ करण्यातच अडकली. मग त्यांनी अल्झायमर हे नाव घेतलं. पक्की खात्री मेल्यावर मेंदू तपासूनच होते आणि यावर औषध नाही, हेही लपवलं नाही.

भावाने दाराला बाहेरून कडी बसवली. मी ती त्याच्यासमोर उचकटून काढली. तिला फिरायचं असेल तर मी फिरेन बरोबर, म्हटलं. म्हातारी वेडी झाली असं चाळीत कुणी म्हणालं की मी आजाराचं नाव सांगायचे, त्यांना कंटाळा येईपर्यंत.

रविवारी आम्ही जुहूला जायचो. ती लुगड्यासकट लाटांत उभी राहायची आणि मला आपली बहीण समजून हाका मारायची. लोक थांबून बघायचे. बघेनात का. मी ओ द्यायचे आणि तिच्या शेजारी पाण्यात जाऊन उभी राहायचे.