डग्ग्याची जागा

सबवूफरवर हिने क्रोशाचा रुमाल घातला आहे. डग्ग्यावर थाप पडली की त्याची झालर किंचित थरथरते. नाहीतर तो काळा खोका चालू आहे हे कळतही नाही.

आमचे स्पीकर पुस्तकाएवढे. त्यांतून उजव्या हाताचा तबला खणखणीत यायचा. डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा मात्र मनानेच भरून घ्यावा लागे. म्हणून खर्जाचे आवाज काढणारा हा खोका आणला. दुकानदार म्हणाला, "नीट जमला तर वाजतोय हे कळणार नाही."

"मग घेतलात कशाला?" ही म्हणाली.

जागा शोधायची त्याची रीतही अजब. खोका आपल्या खुर्चीत बसवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं; जिथे घुमारा गोल ऐकू येईल, ती त्याची जागा. रविवारी सकाळी तबल्याचं रेकॉर्डिंग लावून मी रांगू लागलो.

"काय सांडलंय?" हिने विचारलं. सांगितल्यावर पोटभर हसली, मग पदर खोचून समोरच्या भिंतीकडून स्वतःही निघाली. गुडघे दोघांचेही कुरकुरत होते. तिच्या शिलाई मशीनपाशी डोक्याला डोकं आपटलं.

"इथेच!" दोघंही एकदम म्हणालो. मशीन तिनेच खिडकीशी सरकवलं.

घरातलं सुखही असंच असावं. कुठून येतंय, बोट ठेवून दाखवता येत नाही.

काल इस्त्री करायला मी खोक्याची पिन काढली. तबला चालूच होता. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, हा एकाच हाताने का वाजवतोय?"