धाकटी जाऊ आधी सावरली

घाटंजीच्या आठवडी बाजारात सत्यभामा मिरची विकायची. मिरचीचं पोतं ती ऑटोतून एकटीच उतरवायची. कोणी हात लावायला आलं तर म्हणायची, "राहू दे, तुले नाही झेपत." शेजारच्या ताडपत्रीवर तिची धाकटी जाऊ शीला हळद-धने घेऊन बसायची आणि हसायची.

दोघींनाही शुगर. पुढे दोघींच्याही किडन्या मंदावल्या, आधी सत्यभामेची, मग शीलेची. यवतमाळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "किडनी शरीरातलं आम्ल लघवीवाटे बाहेर टाकते. तुमची कमी पडतेय, म्हणून ते रक्तात साठतंय. अशानं हाडं, मांस झिजतं. अंगातली ताकद जाते." दोघींना ते आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेटच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ल वाढवणारं मटण, अंडी बेतानं खायला सांगितलं.

गोळ्यांनी सत्यभामेचं पोट फुगे, ढेकर येत. तिनं निम्म्या गोळ्या खाल्ल्याच नाहीत. ताकद यावी म्हणून मटणाचा रस्सा मात्र वाढवला.

पुढच्या तपासणीत शीलेच्या रक्तातलं बायकार्बोनेट वर आलेलं होतं, सत्यभामेचं होतं तिथंच. डॉक्टर शीलेला म्हणाले, "छान." बस, तो एक शब्द सत्यभामेच्या काळजात रुतला. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

त्या बाजाराला पोतं तिच्यानं हललं नाही. शीला उठून आली. "सरका बाई, मी घेते."

शीलेनं पोतं उचललं तेव्हा आजूबाजूच्या बाया बघत होत्या. सत्यभामेला वाटलं, हिनं आपल्याला सगळ्यांदेखत म्हातारी केलं. घरी येऊन तिनं शीलेच्या गोळ्यांचं पाकीट गुपचूप पाहिलं. गोळ्या त्याच होत्या. म्हणजे ही जास्त घेत असणार. त्या दिवसापासून सत्यभामा सगळ्या गोळ्या घ्यायला लागली, आणि वर गोळ्यांत असतो तोच खायचा सोडा चमचाभर पाण्यात कालवून. पुढच्या वेळी हिच्या वरचा आकडा आणायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

थोड्याच दिवसांत पाय सुजले. चप्पल चढेना. आडवं झालं की जीव गुदमरायचा. शीलेनंच ओळखलं आणि नवऱ्याला, अतुलला, ऑटो काढायला लावलं.

डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा सोडा बाहेर आला. "मिठासारखंच सोड्यातही सोडियम असतं," ते म्हणाले. "अंगात पाणी धरलं, बीपी चढला, म्हणून दम लागला. गोळी किती ते रक्त, बीपी आणि सूज पाहून आम्ही ठरवतो. मनानं सोडा घ्यायचा नाही."

त्यांनी तिला दवाखान्यातच ठेवलं. सूज उतरली तशी शीला खाटेजवळ येऊन बसली. "सोडा काहून घेतला, बाई?"

"तुह्यासारखा रिपोर्ट पाहिजे होता मले."

शीलेचा चेहरा उतरला. "माह्या रिपोर्टापायी जीव देत होत्या तुम्ही?"

"तुले ते गोळ्या सोसतात. मले नाही सोसत."

"मले बी ढेकर येतात. डॉक्टरले सांगतलं, त्यांनी दिवसभरात वाटून घ्यायले लावलं. तुम्ही सांगतलंच नाही त्यांले."

सत्यभामेनं भिंतीकडे कूस वळवली. शीलेनं उपाय शोधला होता, हेही तिला आवडलं नाही.

तरी घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तसंच तिनं केलं. गोळ्या वाटून घेतल्या, रस्सा कमी केला, भाज्या कोणत्या किती ते त्यांना विचारूनच शिजवल्या. पुढच्या खेपेला आकडा वर सरकला. डॉक्टर तिलाही "छान" म्हणाले. ती लगेच म्हणाली, "शीलेचं किती आलं?"

शीलेचं थोडं जास्त होतं. सत्यभामेनं तोंड वाकडं केलं. मग दोघी स्टँडवर आल्या, आणि एसटीत खिडकीची जागा तिनं शीलेला दिली नाही.