झांजवाल्याचे तीन शब्द

निवृत्त झाल्यावर मी सांगलीत घरच्या घरी एक उद्योग काढला. लोकांकडच्या जुन्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि आवाज साफ करून द्यायचा. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना ध्वनिलहरी खडूने फळ्यावर काढल्या होत्या. आता त्या लॅपटॉपवर डोळ्यांसमोर पळायच्या आणि स्वयंपाक राहून जायचा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतले जुने सहायक घरी आले. हे आटपाडीकडचे. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहान रेकॉर्ड काढली. त्यांचे वडील तरुणपणी मेंढरं राखायचे. गावातल्या चौघांबरोबर मुंबईला जाऊन त्यांनी ओव्या गायल्या होत्या, त्याची ही रेकॉर्ड. घरात ती वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं. एकदा जत्रेत कर्ण्यावर लागली होती, तेवढीच. त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार? आता म्हाताऱ्याला एकदा नीट ऐकायचं होतं.

रेकॉर्डवर अक्षरशः माती होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब टाकून मी ती मऊ फडक्याने गोल गोल पुसली, सावलीत वाळवली आणि सुई ठेवली. आधी नुसती खरखर, जसं काही कुणी शेंगा भाजतंय. मग तिच्यामागून ढोल आला, झांज आली आणि एक कोवळा, उंच आवाज. मी खुर्चीत ताठ बसले.

उतरवून घेतल्यावर साफसफाई. गाण्याच्या आधीची नुसती खरखर असलेला तुकडा निवडायचा आणि प्रोग्रामला सांगायचं, असलं जे असेल ते कमी कर. फार कमी केलं तर झांजही पुसट होते, म्हणून मी हात आखडता ठेवला. मग ओरखड्यांचे टक्‌ टक्‌ आवाज एकेक शोधून काढले. त्यात तीन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटाला आले. ओवी संपली होती, ढोल थांबला होता आणि पुढे लहरीत एक बारकासा उंचवटा दिसत होता. ओरखडाच समजून मी तो निवडला, पुसणार एवढ्यात थांबले. ओरखडा सुईसारखा टोकदार दिसतो, हा तर पसरट होता. मी हेडफोन लावले, आवाज वाढवला. माणूस बोलत होता. चार वेळा ऐकल्यावर शब्द लागले, "झालं व्हय रं?"

मी लगेच सहायकांना फोन केला. ते म्हणाले, मला सांगू नका, आबांनाच ऐकवू. रविवारी आम्ही त्यांच्या गाडीतून गावाला गेलो.

आबा अंगणात घोंगडीवर बसले होते. मी लॅपटॉपला स्पीकर जोडला. स्वतःचा तरुण आवाज ऐकताना ते मान खाली घालून बोटांनी ताल धरत राहिले. एके ठिकाणी म्हणाले, हितं माझा दम तुटला. ओवी संपली, आणि तो आवाज आला. त्यांनी मान वर केली.

"बाई, परत लावा."

मी लावला.

"थोरला हाय त्यो," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ."

मग त्यांनी सांगितलं. भाऊ गात नसे, झांज वाजवायचा. लाल दिवा विझेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असं रेकॉर्डिंग करणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं. ओवी संपली तशी हा बोलला. साहेब चिडले आणि परत गायला लावलं. पहिलं गाणं वाया गेलं, असंच सगळ्यांना वाटत आलं होतं; रेकॉर्ड मात्र त्याच पहिल्या गाण्याची निघाली होती. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्याचा आवाज कुठेच नव्हता.

सहायकांनी शेजारच्या घरातून आपल्या चुलतीला बोलावून आणलं. ती त्या भावाची बायको. ती चौकटीला टेकून उभी राहिली. मी शेवटचा तुकडा लावला. तिने पदर तोंडाला लावला, मग हसली.

"जेवाण मागताना बी आसंच इचारायचं," ती म्हणाली. "झालं व्हय गं, म्हनून."

सगळे हसले, आबांनी डोळे पुसले. नंतर दुपारभर ते तीन शब्द इतक्या वेळा वाजले, की गल्लीतली माणसं अंगणात येऊन बसली. मी प्रत्येकाला तो उंचवटा पडद्यावर दाखवत होते, जणू मीच तो घडवला होता.

निघताना चुलती पिशवीभर डाळिंबं घेऊन गाडीपाशी आली. तिच्या नातसुनेच्या फोनमध्ये गाणं घातलं होतं, पण तिला काही वेगळंच हवं होतं.

"आवं बाई, गाणं नगं मला," ती म्हणाली. "तेवढंच काढून द्या."

मी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला आणि दोन सेकंदांचा तो तुकडा वेगळा करून त्याच फोनमध्ये घातला. तिने फोन कानाला धरला आणि बटण कुठलं दाबायचं, ते दोनदा विचारून घेतलं.