बोटीवर त्या नावाचं कुणी नाही

देव ऐकतो की नाही, हा प्रश्न मला ऐंशी वर्षांत कधी पडला नव्हता. सकाळी आंघोळ झाली की देवापुढे बसायचं, त्याची हजार नावं म्हणायची, मग चहा. सवय इतकी की मन गॅसवरच्या दुधाकडे असायचं आणि तोंड आपलं म्हणत राहायचं. त्या दिवशी मात्र मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, आत माझा मुलगा व्हेंटिलेटरवर होता आणि देवाचं एकही नाव तोंडातून फुटेना. हा अनुभव लिहावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. अनुभव लिहिणाऱ्यांची माणसं बहुतेक वाचलेली असतात. माझा श्रीधर वाचला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी आस लावून वाचायला नको.

श्रीधर, सून अपर्णा आणि मी, असे आम्ही तिघं सदाशिव पेठेत राहायचो. त्यांना मूलबाळ नाही. अपर्णाच्या शाळेतल्या मैत्रिणींनी पन्नाशी झाली म्हणून सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीची सहल ठरवली. ही आपली नाही नाही म्हणत होती. आईंना टाकून कशी जाऊ, यांना बीपीच्या गोळ्यांची आठवण कोण करील, एक ना दोन. शेवटी श्रीधर म्हणाला, "जा गं. जन्मात कधी समुद्रावर राहिली आहेस का? जा आणि मला येऊन सगळं सांग." तिची बॅगसुद्धा त्यानंच भरली. त्याच्या हातची घडी म्हणजे बोळाच, पण भरली.

बोट सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मंडईतून भाजी घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली, "आई, डोकं फार दुखतंय" म्हणाला आणि खाली बसला तो उठलाच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरीण तरुण होती, पण आडपडदा न ठेवता बोलली. "आजी, आशा फार कमी आहे. जवळच्या माणसांना बोलावून घ्या. फोनवरून का होईना, बोलू द्या." जवळचं माणूस होतं कुठं, तर भर समुद्रात.

शेजारचे आपटे माझ्याबरोबर आले होते. निवृत्त इंजिनिअर, बोलायला खवचट, पण अडचणीला धावून येणारा माणूस. त्यांनी अपर्णाला फोन लावून लावून पाहिला. किनारा सुटला की बोटीवर आपला फोन चालत नाही आणि तिथल्या इंटरनेटला वेगळे पैसे पडतात म्हणून हिनं ते घेतलंच नव्हतं. आमचीच सून ती. सहलीच्या ऑफिसात फोन केला, तर ते चार वाजेपर्यंत बंद. "पुण्यात यमानंसुद्धा एक ते चार थांबावं," आपटे म्हणाले आणि मग स्वतःच ओशाळले.

शेवटी त्यांनी मोबाइलवर शोधून बोटीच्या कंपनीचा, घरच्यांनी अडचणीत करायचा म्हणून दिलेला नंबर काढला. तिकडच्या मुलीनं नीट विचारलं. बोटीचं नाव काय, कधी सुटली, प्रवाशाचं पूर्ण नाव काय. बोटीचं नाव आमच्या अख्ख्या इमारतीला पाठ होतं. आपट्यांनी सांगितलं, अपर्णा श्रीधर लेले. थोड्या वेळानं ती म्हणाली, या नावाचं बोटीवर कुणी नाही. पुन्हा बघा म्हटलं. पुन्हा नाही. मैत्रिणींची नावं विचारली, तर मला ठाऊक होत्या चिमी, बेबी आणि नंदू. पन्नाशीच्या बायका, पण आमच्या घरी त्यांची हीच नावं. माहेरचं विचारावं, तर अपर्णाच्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही.

तेव्हा मी खचले. ती बोटीवर चढलीच नाही की काय, तिलाही काही झालं की काय, असं काय काय मनात येऊन गेलं. आत मुलगा जात होता आणि ज्या बाईच्या हाकेची त्याला वाट असेल, ती जगात कुठंच सापडत नव्हती. मी देवाला म्हटलं, मुलगा वाचू दे, सून सापडू दे, दोन्हीतलं एक तरी ऐक. मग मागणंही थांबलं. हात मांडीवर टाकून नुसती बसून राहिले. रडूसुद्धा येईना.

बाकावर शेजारी एक मुसलमान बाई सकाळपासून बसल्या होत्या. नसीमबाई. शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, त्यांचे यजमानही आतच होते. त्यांनी मला दोनदा पाणी दिलं होतं, एवढीच आमची ओळख. त्यांनी आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं. जरा घुटमळून म्हणाल्या, "मावशी, एक विचारू? तुमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात ना? आमच्यात नाही बदलत, म्हणून विचारते. पासपोर्टवर त्यांचं कुठलं नाव आहे?"

लग्नातलं ते ताट माझ्या डोळ्यांपुढे आलं. ताटातल्या तांदळात अंगठीनं श्रीधरनं अपर्णा असं लिहिलं, ते नाव मीच निवडलेलं. त्या दिवसापासून ती आमची अपर्णा. कागदोपत्री ते बदलायचं राहून गेलं असेल, हे मला कुठं माहीत? देवाची हजार नावं रोज म्हणणारी मी, सुनेला दोन नावं असतील हे मला सुचलं नाही. सकाळपासून देवाचं नाव येत नव्हतं त्या तोंडातून तीस वर्षांत न उच्चारलेलं नाव बाहेर पडलं. "रेखा. रेखा मधुकर साने."

आपट्यांनी पुन्हा फोन लावला. त्या नावाची बाई बोटीवर होती. कंपनीनं बोटीवर निरोप धाडला, तिथल्या माणसांनी तिला शोधून काढलं आणि बोटीवरच्या फोनवरून तिचा आवाज आपट्यांच्या मोबाइलवर आला. "आई, मी." मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. नर्सनं मला आत नेलं आणि मी फोन श्रीधरच्या कानाला लावून धरला.

मला वाटलं होतं ती हंबरडा फोडेल. ती म्हणाली, "अहो, सांगायला सांगितलं होतंत ना, म्हणून सांगते." आणि तिनं त्याला समुद्र सांगितला. पाणी सकाळी कसं दिसतं, बेबीला कशी बोट लागली, जेवणात वरणभात नाही म्हणून चिमीची कशी चिडचिड झाली. मध्येच आवाज चिरकायचा, तरी पुन्हा सांगायला लागायची. श्रीधरच्या डोळ्याच्या कडेनं पाणी आलं. डॉक्टरीण मागाहून म्हणाली, "आजी, असं होतं. त्याचा अर्थ लावू नका." बरं म्हटलं. संध्याकाळी तो गेला.

पुढच्या बंदरावर उतरून अपर्णा विमानानं आली. तोवर आम्ही त्याला थांबवून ठेवलं होतं. नसीमबाईंचे यजमान बरे होऊन घरी गेले. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण त्या निघताना मला भेटायला आल्या, तेव्हा मी वयाचा विचार न करता त्यांच्या पायाशी वाकले. त्यांनी मला वरच्या वर धरलं आणि आम्ही दोघी मनसोक्त रडलो.

मी मागितलं होतं मुलाचं आयुष्य. ते दिलं नाही. का, हे विचारायचं मी आता सोडून दिलं आहे. जे हातात घातलं ते घ्यायचं, एवढंच. देवापुढे अजून बसते. कधी नावं येतात, कधी येत नाहीत. येत नाहीत तेव्हा तशीच बसते.

अपर्णा रोज विचारते, "आई, यांनी ऐकलं ना?"

मी रोज सांगते, "ऐकलं."