काकासाहेबांचा बिनआवाजाचा एसी

देवगाव रंगारीहून काकासाहेब शहरात आले आणि वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले. पत्र्याचे भाग ठोकणारी ती मशीन. सगळी नोकरी त्यांनी तिच्याशेजारी उभं राहून काढली. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, काकासाहेब ते खिशात ठेवायचे. म्हणायचे, "कान बंद करून मशीन चालवायची म्हंजी डोळं झाकून बैलगाडी हाकल्यासारखं." ते निवृत्त झाले तेव्हा कान त्यांच्या आधीच निवृत्त होऊन बसले होते. ही बातमी मात्र त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. त्यांच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते.

त्यांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, एकदा एका लग्नात पाहुण्यांना सांगितलं की यांना जरा कमी ऐकू येतं. त्यावर काकासाहेब जे रुसले, ते त्या नवरानवरीच्या घरी पाळणा हलेपर्यंत. सारजाबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

हडकोतल्या त्यांच्या घरात पत्र्याचा कूलर होता. उन्हाळाभर तो बादल्यांवर बादल्या प्यायचा, आणि नळाला पाणी यायचं आठवड्यानं. माणसांनी प्यावं की कूलरला पाजावं, असा रोजचा पेच. त्या चैत्रात कूलरची टाकी गंजून फुटली आणि पेच आपोआप सुटला.

"आता एसीच घ्या," सारजाबाई त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या. "लाईट कमी खाणारा घ्या. अन् आवाज नसलेला घ्या. त्या कूलरच्या खडखडाटानं माझं डोकं पिकलंय. मला शांत झोप पायजे, बाकी काय नको."

काकासाहेबांनी ते मनावर घेतलं. बायकोनं आजवर काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते काय, तर शांतता! सारजाबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून ते एकटेच छावणीतल्या दुकानात गेले. दुकान राहतभाईचं. राहत लहानपणापासून गल्ल्यावर बसलेला, बोलायला गोड, मालाबद्दल खरं सांगणारा.

खोली किती लांब-रुंद, ऊन कोणत्या भिंतीवर येतं, सगळं काकासाहेबांनी मापून नेलं होतं. एसीवरच्या लेबलावर जास्त तारे म्हणजे कमी बिल, हेही त्यांना पटकन कळलं. मग ते म्हणाले, "आता चालू करून दाखव. कानानं पारखून घेणार."

राहतनं आधी भिंतीवरचा महागडा एसी लावला. काकासाहेब मान तिरकी करून ऐकत राहिले. "हां. आवाज नाय." मग राहतनं कोपऱ्यातला खिडकीत बसवायचा एसी लावला. दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून मागं वळलं. काकासाहेबांनी तशीच मान तिरकी केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ह्याचा बी आवाज नाय की! तारे बी चांगले. हाच दे."

"नक्को काका," राहत घाबरून म्हणाला. "ये बहुत गुरगुरता. गोदामाला चालतो, झोपायच्या खोलीत नाय चालत."

काकासाहेब हसले. "महागाचा खपवायचाय तुला. माझी हयात मशीनीत गेली, राहतभाई. मला आवाज शिकवतो व्हय?"

दोनदा सांगून राहतनं हात टेकले. एसी खिडकीत बसला. खोली गार पडली, काकासाहेब पाठ टेकताच घोरू लागले. सारजाबाई छताकडं बघत पडून राहिल्या. कूलर खडखडायचा, हा जातं फिरावं तसा घुमत होता, खिडकीची काचही सोबत थरथरत होती. सकाळी काकासाहेबांनी मोठ्या हौसेनं विचारलं, "कसा हाय? शांत हाय ना?"

सारजाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "लई शांत हाय."

असा अर्धा उन्हाळा गेला. सारजाबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं, दुपारी भाजी निवडता निवडता त्या पेंगू लागल्या. काकासाहेब येईल त्याला एसी दाखवत होते. मग एक दिवस राहत आपणहून आला. त्याच्या मनाला ते लागून राहिलं होतं. दारातूनच तो ओरडला, "काका, इतक्या आवाजात झोपता कसे तुम्ही?"

"कसला आवाज?"

राहतनं सारजाबाईंकडं पाहिलं. सारजाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि चालू एसीवर ठेवला.

हाताला ते लगेच कळलं. इतकी थरथरणारी मशीन गप्प राहूच शकत नाही, हे त्या हाताला कुणी सांगायला नको होतं. काकासाहेबांनी हात तसाच ठेवला. विचारलं, "तू रोज जागी असती?"

"दुपारी झोपते की," सारजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कानाच्या डॉक्टरकडं गेले. कानात मशीन घालून घरी आले, एसी लावला आणि ताडकन बंद केला. "अगं, हा तर ट्रॅक्टर हाय!" आतून सारजाबाई सवयीनं पुटपुटल्या, "आता उजाडलं शहाण्याला." काकासाहेबांनी तेही ऐकलं. सारजाबाईंना जीभ चावावी लागली, आणि पुढं बरेच दिवस चावावी लागली.

राहतनं कुरकुर न करता तो एसी परत घेतला आणि भिंतीवरचा बसवला. सारजाबाई पहिल्या दिवशी जेवणवेळ टळून गेली तरी झोपून राहिल्या. काकासाहेबांनी त्यांना उठवलं नाही, स्वतःच खिचडी टाकली.

तक्रार आली ती शेजारच्या कडूबाची. नव्या एसीचा बाहेरचा डबा नेमका त्याच्या खिडकीसमोर बसला होता. "काकासाहेब, तुमचा डबा रातभर घरघरतो. आमाला झोप नाय."

काकासाहेबांनी कानातली मशीन हळूच बंद केली. "जरा मोठ्यानं बोल, कडूबा. मला कमी ऐकू येतंय."

सारजाबाईंनी राहतकडून तो डबा गच्चीवर हलवून घेतला, तेव्हा कडूबा शांत झाला. पुढच्या उन्हाळ्यात त्यालाही एसी घ्यायचा होता. निवडायला जाणकार माणूस सोबत हवा, म्हणून त्यानं काकासाहेबांनाच नेलं. दोघांना येताना पाहून राहतनं कोपऱ्यातल्या त्या गुरगुरणाऱ्या एसीवर चादर टाकली.